उन्हाची वीज

सूर्य उगवला की अंगणात ऊन येते आणि तो मावळला की जाते. या नित्यक्रमाची आपल्याला इतकी सवय झालेली असते की, उन्हाबरोबर केवढी शक्ती आपल्या दाराशी येऊन पडते याचा विचार सहसा कोणी करीत नाही. भर दुपारी निरभ्र आकाशाखाली एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशी सतरंजी अंथरली, तर तिच्यावर सुमारे एक हजार वॅट इतकी शक्ती सतत पडत असते. घरातील विजेची इस्त्री तापविण्यास साधारणतः एवढीच शक्ती लागते. मग सतरंजी इस्त्रीसारखी तापत का नाही? कारण उन्हातील शक्ती विखुरलेली असते. ती एकवटता आली, किंवा तिचे रूप पालटता आले, तरच तिच्याकडून काम करून घेता येते.

उन्हाकडून काम करून घेण्याची विद्या तशी फार जुनी आहे. कोकणातील आगरी लोक खाडीचे पाणी मिठागरात कोंडून उन्हाने आटवितात आणि मीठ पिकवितात. पापड, कुरडया, सांडगे यांना तर उन्हावाचून गत्यंतरच नाही. परंतु उन्हावर यंत्र चालवावे, ही कल्पना मात्र गेल्या दीडशे वर्षांतील आहे. फ्रान्समधील तूर या गावी ऑग्युस्तें मूशो नावाचे गणिताचे शिक्षक होते. कारखाने आज कोळशावर चालत आहेत खरे, पण कोळसा संपला म्हणजे पुढे काय, ही चिंता त्यांना लागून राहिली होती. त्यांनी चकाकणाऱ्या धातूचा एक प्रचंड कर्णा तयार केला. त्याच्या मध्यभागी पाण्याचे पात्र ठेवून उन्हाने त्या पाण्याची वाफ केली आणि त्या वाफेवर यंत्र फिरविले. १८७८ साली पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात त्यांनी उन्हाच्या उष्णतेने चक्क बर्फ तयार करून दाखविला, तेव्हा पाहणारे थक्क झाले.

त्याच सुमारास असाच खटाटोप मुंबईतही चालला होता, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मुंबईच्या उच्च न्यायालयात विल्यम ॲडम्स नावाचे एक इंग्रज अधिकारी होते. कचेरीचे काम सांभाळून त्यांनी मूशो यांचे प्रयोग अभ्यासिले. मूशो यांचा धातूचा कर्णा महाग पडे आणि त्याची चकाकी लवकर मंदावे. ॲडम्स यांनी त्याऐवजी साधे, सपाट, लहान लहान आरसे अर्धवर्तुळात मांडले आणि सर्वांचे कवडसे एकाच जागी पाडले. आपल्या कुलाब्यातील आवारात या उष्णतेवर त्यांनी वाफेचा पंप चालविला. त्यांनी उन्हाची एक चूलही केली होती. मुंबईतल्या जानेवारी महिन्यात, म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य उन्हात, सात शिपायांचे जेवण त्या चुलीवर दोन तासांत शिजे. उष्ण देशांत सरपणाऐवजी सूर्याची उष्णता वापरावी, या विषयावर त्यांनी १८७८ मध्ये एक पुस्तकही लिहिले. तथापि कोळसा स्वस्त मिळू लागला आणि मूशो व ॲडम्स या दोघांचेही श्रम अडगळीत पडले.

उन्हाच्या उष्णतेची ही हकीकत झाली. परंतु आज घरांच्या छपरांवर ज्या निळ्या-काळ्या फळ्या दिसतात, त्या उष्णतेवर चालत नाहीत. त्यांत पाणी उकळत नाही, वाफ होत नाही की एखादे चाकही फिरत नाही. त्यांत उजेडाचीच वीज होते. हा शोध निराळ्या वाटेने आला.

१८३९ साली फ्रान्समध्ये एडमाँ बेकेरेल नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा आपल्या वडिलांच्या प्रयोगशाळेत काम करीत होता. आम्लात बुडविलेल्या धातूच्या पट्ट्यांवर उजेड पडला, की त्यांतून वीज वाहते, असे त्याला आढळले. वीज अगदी क्षीण होती. पण ती उजेडामुळे उत्पन्न झाली होती, यात शंका नव्हती. पुढे १८७३ मध्ये समुद्रातून टाकावयाच्या तारायंत्राच्या तारा तपासताना विलोबी स्मिथ या इंग्रज अभियंत्याला दिसून आले, की सेलेनियम नावाच्या पदार्थातून अंधारापेक्षा उजेडात वीज अधिक सहज वाहते. तीन वर्षांनी लंडनमध्ये प्राध्यापक ॲडम्स व त्यांचे शिष्य डे यांनी सेलेनियमवर नुसता उजेड पाडून वीज निर्माण केली. (हे ॲडम्स निराळे, मुंबईच्या ॲडम्स यांच्याशी यांची गल्लत करू नये.) १८८३ मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स फ्रिट्स यांनी सेलेनियमच्या पातळ थरावर सोन्याचा त्याहूनही पातळ मुलामा देऊन विजेची फळी बनविली. परंतु तिच्यावर शंभर भाग ऊन पडले, तर त्यातून जेमतेम एक भाग वीज निघे. एवढ्यावर प्रपंच चालणार कसा? शिवाय उजेड पडल्याने वीज का निघते, हेच कोणाला नीट सांगता येईना. ते कोडे आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये सोडविले. उजेड हा शक्तीच्या सुट्या सुट्या कणांचा बनलेला असतो आणि असा एक कण धातूतील एका इलेक्ट्रॉनला धक्का देऊन मोकळा करतो, असे त्यांनी दाखवून दिले. आइन्स्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते प्रामुख्याने याच कामाबद्दल.

यानंतरची मजल अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मारली गेली. ही प्रयोगशाळा एका दूरध्वनी कंपनीची होती. तेथील रसेल ओल हे १९४० साली सिलिकॉनच्या एका लहानशा कांडीची परीक्षा करीत होते. कांडीला मधोमध एक भेग होती. कोणीही ती सदोष म्हणून टाकून दिली असती. ओल यांनी तिच्यावर दिव्याचा उजेड पाडला मात्र, तोच विजेचा प्रवाह एकदम वाढला! बारकाईने पाहता त्यांच्या ध्यानी आले की, भेगेच्या एका बाजूस एका प्रकारची भेसळ आहे व दुसऱ्या बाजूस दुसऱ्या प्रकारची, आणि वीज उत्पन्न होते ती या दोहोंच्या सीमेवर. सदोष कांडीनेच असे एक मोठे रहस्य उघड केले.

तरीही सिलिकॉनचा घट तयार व्हायला आणखी चौदा वर्षे जावी लागली. त्याला निमित्त झाले दमट हवेचे. उष्ण आणि दमट प्रदेशांत दूरध्वनीच्या यंत्रांना वीज पुरविणारे कोरडे घट लवकर निकामी होत. त्यांना पर्याय शोधण्याचे काम १९५२ मध्ये डॅरिल चॅपिन यांच्याकडे आले. त्यांनी पवनचक्की, वाफेची लहान यंत्रे इत्यादी उपाय पडताळले आणि अखेर उन्हाचा विचार केला. बाजारात मिळणारे सेलेनियमचे घट त्यांनी तपासून पाहिले. शंभर भाग उन्हातून अर्धा भागदेखील वीज मिळेना. निदान सहा भाग तरी मिळाले, तरच हा उद्योग उपयोगाचा, असा चॅपिन यांचा हिशेब होता.

त्याच प्रयोगशाळेत कॅल्विन फुलर हे रसायनशास्त्रज्ञ व जेरल्ड पिअर्सन हे पदार्थवैज्ञानिक सिलिकॉनवर काम करीत होते. उन्हाशी त्यांना काही कर्तव्य नव्हते. त्यांना विजेची उपकरणे सुधारावयाची होती. गॅलियमची भेसळ असलेला सिलिकॉनचा एक तुकडा पिअर्सन यांनी तप्त लिथियममध्ये बुडविला आणि त्यावर दिवा धरला. प्रवाह मोजणाऱ्या यंत्राचा काटा असा झपाट्याने सरकला, की पिअर्सन स्वतःच चकित झाले. ते तडक आपल्या मित्राकडे, म्हणजे चॅपिन यांच्याकडे गेले आणि सेलेनियमवर आता एक क्षणही घालवू नका, असे त्यांनी सांगितले. त्या तुकड्यातून शेकडा २.३ इतकी वीज मिळत होती. म्हणजे सेलेनियमच्या जवळजवळ पाचपट.

येथून पुढचा काळ मोठ्या चिकाटीचा होता. लिथियम सिलिकॉनमध्ये एका जागी स्थिर राहीना. दिवसेंदिवस ते खोल खोल झिरपत जाई आणि घटाचे महत्त्वाचे सीमास्थान उजेडापासून दूर सरके. तारा जोडावयाच्या तर सांधे नीट बसत नसत. सिलिकॉनचा पृष्ठभाग आरशासारखा चकचकीत, त्यामुळे पुष्कळसे ऊन आत न शिरता परतून जाई. अखेर फुलर यांनी लिथियमचा नाद सोडून दिला. आर्सेनिक मिसळलेल्या सिलिकॉनवर त्यांनी बोरॉनचा अतिशय पातळ थर चढविला, आणि चॅपिन यांना हवा असलेला सहाचा आकडा हाती आला. २५ एप्रिल १९५४ रोजी बेल प्रयोगशाळेने हे घट वृत्तपत्रकारांना दाखविले. त्यांच्या विजेवर त्या दिवशी जत्रेतल्यासारखा एक खेळण्यातला उभा पाळणा फिरत होता! दुसऱ्या दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या वृत्तपत्राने ही बातमी पहिल्या पानावर छापली. हा शोध एकट्याचा नव्हे. रसायन एकाचे, पदार्थविज्ञान दुसऱ्याचे आणि गरज तिसऱ्याची. तिघांपैकी एक जरी नसता, तरी ते काम कदाचित आणखी रेंगाळले असते.

आता या घटात वीज होते कशी, ते पाहू. वाळू ही सिलिकॉन व प्राणवायू यांच्या संयोगाने बनलेली असते. सिलिकॉनच्या प्रत्येक अणूच्या बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात आणि ते चारही शेजारच्या चार अणूंशी जखडलेले असतात. जेवणाची पंगत बसली आहे अशी कल्पना करा. प्रत्येक पाटावर एकेक माणूस बसला आहे. एकही पाट रिकामा नाही व एकही माणूस उभा नाही. अशा पंगतीत कोणाला हलता येत नाही. शुद्ध सिलिकॉनची स्थिती साधारण अशीच असते. आता त्यात किंचित आर्सेनिक किंवा फॉस्फरस मिसळला, तर त्या अणूंपाशी चारांऐवजी पाच इलेक्ट्रॉन असल्याने काही पाहुणे पाटावाचून हिंडत राहतात. उलट बोरॉनपाशी तीनच असतात, म्हणून तो मिसळला की काही पाट रिकामे राहतात. या दोन पंगती एकमेकींना लावून मांडल्या, की सीमेजवळचे हिंडणारे पाहुणे पलीकडच्या रिकाम्या पाटांवर जाऊन बसतात. असे होताच सीमेच्या दोन बाजूंस विजेचे विरुद्ध भार साचतात आणि तेथे घाटाच्या उतारासारखी एक ओढ निर्माण होते.

अशा सीमेजवळ सूर्यकिरण पडला, की तो पाटावरच्या एखाद्या पाहुण्याला उठवितो. उतार त्याला एकाच बाजूस ढकलतो. आल्या वाटेने त्याला सहजी परत जाता येत नाही. मग बाहेरून तार जोडून दिली, तर तो तारेच्या वाटेने फिरून आपल्या जागी येतो आणि जाता जाता दिवा लावतो किंवा पंखा फिरवितो. ही उपमा फार ताणू नये. इलेक्ट्रॉन काही जेवावयास बसत नाहीत. पण यातून एक गोष्ट स्पष्ट होते. निघालेला इलेक्ट्रॉन परत येतो, म्हणून घटातले काहीच खर्च होत नाही. कोरड्या घटातले रसायन संपते. सौर घटात मात्र संपण्यासारखे काही नसतेच.

पडलेल्या सर्व उन्हाची वीज का होत नाही, असा प्रश्न येथे पडेल. उजेडाचे सर्व कण सारखे बलवान नसतात. जे दुबळे असतात, त्यांच्या धक्क्याने इलेक्ट्रॉन सुटत नाही. जे फार बलवान असतात, त्यांची जास्तीची शक्ती निव्वळ उष्णतेत जाते. विल्यम शॉक्ली व हान्स क्वायसर या शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये हिशेब करून दाखविले की, अशा साध्या घटातून कितीही कौशल्य वापरले, तरी सुमारे एक-तृतीयांशाहून अधिक वीज निघणे शक्य नाही. १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियात मार्टिन ग्रीन यांच्या प्रयोगशाळेने शेकडा वीसची पायरी गाठली. आता छपरांवरच्या पॅनेलांनीही ती ओलांडली आहे.

परंतु घट उत्तम झाला म्हणून तो घरोघर जातो असे नाही. एक वॅट वीज देणाऱ्या घटाला त्या वेळी २८६ डॉलर पडत. एका घराला पुरेल एवढी वीज घ्यायची तर चौदा लाखांहून अधिक डॉलर लागतील, असा हिशेब १९५६ मध्ये खुद्द चॅपिन यांनीच केला होता. संशोधकाने आपल्याच शोधाची ही उणी बाजू आकड्यांनिशी मांडावी, हे त्याला भूषणावहच होय. सौर घटाला खरा आश्रय मिळाला तो आकाशात, कारण तेथे किमतीपेक्षा वजन महत्त्वाचे असते. १७ मार्च १९५८ रोजी अमेरिकेने ‘व्हॅनगार्ड १’ नावाचा उपग्रह सोडला. तो मोठ्या मोसंब्याएवढा होता आणि त्याचे वजन दीड किलोग्रॅमही नव्हते. त्यातील रासायनिक घटांचा प्रेषक लवकरच मुका झाला. सौर घटांचा प्रेषक मात्र १९६४ पर्यंत बोलत राहिला. हा उपग्रह अजूनही पृथ्वीभोवती फिरतो आहे. भारताच्या ‘आर्यभट’ या पहिल्या उपग्रहाच्या अंगावरही १९७५ मध्ये सौर घट बसविलेले होते.

जमिनीवरील किंमत उतरली ती हळूहळू. सिलिकॉन वाळूतून काढता येते हे खरे. पण ते इतके शुद्ध करावे लागते, की कोट्यवधी अणूंत एखादाच परका अणू राहावा. या शुद्धीकरणाला भट्टी लागते, वीज लागते आणि मोठे कसबही लागते. कारखाने वाढले, चकत्या पातळ झाल्या, कापताना होणारी नासाडी कमी झाली आणि २०१० नंतरच्या दहा वर्षांत तर पॅनेलांची किंमत सुमारे नऊ-दशांशाने घसरली. आज एका वॅटला अर्धा डॉलरही पडत नाही. भारताने २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान हाती घेतले. महाराष्ट्रात धुळे जिल्ह्यातील साक्री येथे १२५ मेगावॅटचे सौर विद्युत् केंद्र २०१३ मध्ये उभे राहिले. देशातील सर्व सौर केंद्रांची एकंदर क्षमता जानेवारी २०२५ मध्ये एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली.

२०१० मध्येच मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सौर घटांच्या संशोधनाचे व शिक्षणाचे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. परदेशातील आकडे जसेच्या तसे येथे लागू पडत नाहीत, म्हणून अशा केंद्राची गरज असते. ऊन जितके कडक तितकी वीज जास्त, असा पुष्कळांचा समज असतो; तो अर्धाच खरा आहे. घटाला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. पॅनेलवर छापलेली क्षमता ही २५ अंश सेल्सिअस तापमानाची असते. त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण शेकडा ०.४ इतकी घट येते. वैशाखातल्या दुपारी विदर्भात पॅनेल साठ अंशांपर्यंत तापले, तर हिशेब सोपा आहे: पस्तीस अंश जास्त, म्हणजे शेकडा चौदा वीज कमी. त्यात धुळीची भर पडते. म्हणून येथील संशोधक देशाच्या निरनिराळ्या हवामानांत उभी असलेली जुनी पॅनेले जागेवर जाऊन तपासतात आणि ती कोठे, किती व का खालावली, याची नोंद ठेवतात. हे काम दिसायला रुक्ष आहे. पण वीस-पंचवीस वर्षे टिकेल म्हणून कर्ज काढून विकत घेतलेली वस्तू खरोखर टिकते की नाही, हे त्याशिवाय कळत नाही.

शेतकऱ्याच्या दृष्टीने सौर विजेचा आणखी एक गुण आहे. खेड्यांत शेतीपंपांना पाळीपाळीने वीज मिळते आणि पुष्कळदा ती पाळी रात्रीची असते. पिकाला पाणी देण्यासाठी अपरात्री उठून, हातात बॅटरी घेऊन, चिखलातून जावे लागते. साप-विंचवाचे भय असते आणि काही भागांत बिबट्याचेही. सूर्याची वीज दिवसाच तयार होते. हाच तिचा दोष मानला जातो आणि येथे तोच गुण ठरतो. शेतीच्या वाहिन्यांना दिवसा सौर वीज पुरवावी, या हेतूने महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली.

रात्रीचे कोडे मात्र उरतेच. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ‘चंद्रयान-३’चा ‘विक्रम’ चंद्रावर उतरला. त्याला वीज पुरविण्यास सौर घटच होते. तेथे आपल्या सुमारे चौदा दिवसांएवढा एक दिवस असतो आणि तेवढीच मोठी, अतिशय थंड रात्र असते. रात्र होण्यापूर्वी विक्रमला निजविण्यात आले; पुन्हा ऊन आले, तेव्हा तो जागा झाला नाही. पृथ्वीवरची रात्र लहान असली, तरी दिवे रात्रीच लावावयाचे असतात. त्यासाठी दिवसाची वीज साठवावी लागते. मोठमोठ्या लिथियमच्या बॅटऱ्यांत ती साठविता येते. दुसरा मार्ग पाण्याचा आहे. सह्याद्रीत घाटघर येथे २००८ पासून २५० मेगावॅटचे एक जलविद्युत् केंद्र आहे. त्याला दोन धरणे आहेत, एक माथ्यावर व दुसरे पायथ्याशी. वीज शिल्लक असते, तेव्हा खालचे पाणी वर चढवितात. तिची ओढ लागली, की तेच पाणी खाली सोडून पुन्हा वीज काढतात. हे केंद्र उन्हासाठी बांधलेले नव्हते. परंतु दुपारी जास्त झालेली सौर वीज रात्रीसाठी राखून ठेवण्यास हीच युक्ती चालते.

दरम्यान प्रयोगशाळांत सिलिकॉनला एक जोडीदार मिळाला आहे. पेरोव्हस्काइट नावाच्या पदार्थांचा पहिला सौर घट जपानमध्ये त्सुतोमु मियासाका व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हा त्यातून शेकडा चारही वीज मिळत नव्हती. आता प्रयोगशाळेतील आकडा शेकडा पंचविसाच्या वर गेला आहे. सिलिकॉनच्या माथ्यावर त्याचा थर चढविला, तर बलवान कण वरचा थर टिपतो व उरलेले खालचा टिपतो. अशा जोडघटांनी शेकडा तेहेतीसचा पल्लाही ओलांडला आहे. हे पदार्थ सिलिकॉनपेक्षा पुष्कळच कमी उष्णतेत तयार होतात, त्यामुळे ते स्वस्त पडतील अशी आशा आहे. परंतु त्यांचा एक मोठा शत्रू आहे, आणि तो चॅपिन यांच्या कोरड्या घटांचाच जुना शत्रू, म्हणजे उष्ण व दमट हवा. तिच्यात हे पदार्थ विघटित होतात. शिवाय त्यांपैकी बहुतेकांत शिसे असते, म्हणून त्यांना फुटू देऊनही चालत नाही. यासाठी संशोधक नव्या घटांवर निरनिराळी वेष्टणे चढवितात, त्यांना एका बंद पेटीत ठेवतात, पेटीतील तापमान ८५ अंश सेल्सिअसवर आणि हवेतील आर्द्रता शेकडा ८५ वर नेतात, आणि तशा स्थितीत एक हजार तास वाट पाहून मग ती पेटी उघडतात.